हळदीच्या आधी पिवळं कार्ड

पत्र असं आहे:

"ताई, मी २८ वर्षांची, मूळची पाटण तालुक्यातली, तीन वर्षं नेदरलँड्समधे आईंडहोव्हनला नोकरी करते. टीममधे एक सुरीनामी हिंदुस्तानी सहकारी आहे, त्याच्या घरी जेवायला गेले तेव्हापासून डोक्यात सुरीनाम बसलंय. एकटीने, पाठीवर सॅक टाकून जायचंय. ऑक्टोबरच्या शेवटी १८ दिवस सुट्टी मिळतेय. प्लॅन असा की आधी गयाना, तिथला काएतेर धबधबा, मग सुरीनाम, मग फ्रेंच गयानात कुरूचं रॉकेट सेंटर आणि परत. परत आल्यावर दोनच दिवसांनी भारतात यायचंय, धाकट्या भावाचं लग्न आहे, तुळशीचं लग्न झालं की लगेच. तिकीट सोडून १४०० युरो बाजूला काढलेत. मी अंडं खाते, मटण-मासे नाही. आमच्या आजोबांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं, तिथेही असंच एक धरण आहे असं त्या सहकाऱ्याने सांगितलं, ते बघायचंच आहे. अडचण आईची. तिला सांगितलंय की ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर स्पेनला जातेय. खोटं बोलल्याचं वाईट वाटतं पण खरं सांगितलं तर ती जाऊच देणार नाही. काय करू?"

अगं, तुला वाटतंय प्रश्न एकच आहे, मला तुझ्या पत्रात चार दिसले. आईचा सगळ्यात शेवटी घेते, कारण बाकीचं नीट लागलं की तो अर्धा तिथेच सुटतो.

पहिलं म्हणजे तो तीन देशांचा नकाशा बाजूला ठेव. १८ दिवसांत तीन देश म्हणजे अष्टविनायकाची बस, उतरा, दर्शन घ्या, चला, चहा पुढच्या स्टॉपला. दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर हे तिन्ही देश चिकटून दिसतात पण मधे नद्या आहेत, पूल नाहीत. गयानाकडून यायचं तर फेरीने कोरंटाइन नदी ओलांडायची, मग निकेरीवरून राजधानी पारामारिबोपर्यंत रस्त्याने तंगडतोड, यात पूर्ण दिवस जातो. पलीकडे आल्बिनाहून होडीने मारोवाइन नदी ओलांडून फ्रेंच बाजूला, पुन्हा एक दिवस. काएतेरला जॉर्जटाउनहून छोटं विमान जातं, ते हवा बघून आणि माणसं भरली तर. शिवाय आपला पासपोर्ट निळा आहे बाई. फ्रेंच गयाना फ्रान्सचाच भाग असला तरी शेंगेनमधे, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसात, येत नाही, त्यामुळे तुझं डच रेसिडेन्स कार्ड दाखवलं की झालं असं गृहीत धरू नकोस. रॉकेट कुठे पळून जात नाही (म्हणजे जातं, पण दुसरं येतं). एकच देश कर. सुरीनामचा व्हिसा, एंट्री फी वगैरे नियम अधूनमधून बदलत असतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी वकिलातीकडून बघून घे, माझ्या किंवा कुणाच्याही जुन्या अनुभवावर जाऊ नकोस.

आता एकच देश म्हटल्यावर १८ दिवस जास्त वाटतील, तसं नाहीये. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण निम्मं आणि माणसं सगळी मिळून सहा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या कोल्हापूर शहरात मावतील एवढी. तीही बहुतेक किनाऱ्याला. बाकी नव्वद टक्क्यांच्या वर जंगल. रस्ता किनाऱ्याने पूर्व-पश्चिम जातो आणि एक खाली दक्षिणेला आच्योनीपर्यंत, तिथे डांबर संपतं आणि पुढे नदी हाच रस्ता. तुला जे बघायचंय ते सगळं त्या आच्योनीच्या पुढे नाहीतर वाटेत आहे, आणि तिथे वेळापत्रक तुझं चालत नाही, पाणी, पेट्रोल आणि होडीवाला मिळून ठरवतात.

मी २०१८ च्या ऑक्टोबरात गेले होते, सेहेचाळिसाव्या वर्षी, २४ दिवस, एकटी. पारामारिबोतल्या एका टूरवाल्याला ठाण्यातल्या घरी बसूनच ऍडव्हान्स पाठवला, पाच दिवसांच्या नदीच्या ट्रिपचा. पोचल्यावर कळलं की त्या ग्रुपमधे मी आणि अजून एक जर्मन आजोबा एवढेच, चार जण झाल्याशिवाय होडी सुटणार नाही, आणि पैसे परत मागितले तर म्हणे पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात मी शहरात नसणार होते. तेव्हा धडा असा की आधी पैसे पाठवायचे नाहीत, पहिले दोन दिवस शहरात राहायचं, तीन-चार ऑफिसांत प्रत्यक्ष जाऊन विचारायचं की आधीच भरलेला ग्रुप कुठला आहे आणि त्यात एक जागा आहे का. एकट्या माणसाला जागा पटकन मिळते.

मी शेवटी टूर सोडून गावच्या लोकांची होडी धरली. सारामाकास्ट्राट नावाच्या रस्त्यावरून आच्योनीला जाणाऱ्या गाड्या सुटतात, तांदळाची पोती, कोंबड्या, गॅस सिलिंडर, शाळेची पोरं, सगळं एकत्र, अगदी आपल्या वडापसारखं, भरल्याशिवाय हलत नाही. तीनेक तासांनी आच्योनी. तिथे धक्क्यावर उतरल्या उतरल्या दहा जण ओरडतात, कुठलं गाव, कुठलं गाव. होडीला कोरयाल म्हणतात, एका झाडाच्या बुंध्यातून कोरलेली, वरून फळ्या मारून बाजू उंच केलेल्या, लांबलचक. मागे मोटर धरून एक जण बसतो आणि पुढे अगदी टोकाला दुसरा, लांब काठी घेऊन, त्याला कुलामान म्हणतात आणि सगळा खेळ त्याचाच. नदीत जागोजागी खडकांच्या रांगा आहेत, त्या धारेला सुला म्हणतात. सुला आली की तो उभा राहतो, मागे न बघता नुसता एक हात डावीकडे उजवीकडे हलवतो, मागचा त्या हाताकडे बघून मोटर वळवतो, आणि होडी दोन दगडांच्या मधून अशी जाते की हात बाहेर काढला असता तर सालटं गेलं असतं. दोघांत एक शब्द नाही. मी तो हात बघत बसले, दोन-अडीच तास, फोटो काढायचं सुचलंच नाही.

तू जाशील तेव्हा मोठा कोरडा सीझन असेल, ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत असतो तो. जंगलात चालायला उत्तम, पण नदी आटलेली. आमची होडी दोनदा खडकावर बसली, सगळे खाली उतरलो, गुडघाभर पाण्यात, ढकलली. माझी सॅक सगळ्यात पुढे ठेवलेली, प्लास्टिक घालायची गरज नाही असं मला शहरात कुणीतरी ठामपणे सांगितलं होतं, आणि माझा पासपोर्ट त्या दिवशी सुरीनाम नदीत जी डुबकी मारून आला त्याची सुरकुती अजून आहे. पुढच्या प्रत्येक इमिग्रेशनला ते पान दोन बोटांत धरून बघतात.

पैशांचं सांगते. १४०० युरोत १८ दिवस होतील, पण दक्षिण अमेरिका स्वस्त असते हे जे ऐकतो ना, ते पेरू-बोलिव्हियाचं. सुरीनाममधे शहरात स्वस्तात निघतं, हॉस्टेल, बस, जावानीज वारुंगमधलं (जावाहून आलेल्यांच्या खानावळीतलं) जेवण, पण आत जायचं म्हटलं की पेट्रोल लागतं आणि पेट्रोल महाग. लॉजचं चार-पाच दिवसांचं पॅकेज काही शे युरोंचं असतं, विमानाने जाण्याचं अजून वर. म्हणून तुझे निम्म्याहून जास्त पैसे नदीसाठी राखून ठेव आणि शहरात काटकसर कर, उलटं करू नकोस. सुरीनामी डॉलर गेल्या काही वर्षांत एवढा घसरलाय की इंटरनेटवरचे जुने भाव वाचून काही उपयोग नाही, युरो नोटांत ने, लागतील तसे थोडे थोडे कांबियोत, म्हणजे पैसे बदलायच्या दुकानात, बदल. आच्योनीच्या पुढे एटीएम विसर.

आता धरण. हे मी मुद्दाम निवांत लिहितेय.

पारामारिबोपासून दक्षिणेला जाताना ब्राउन्सबर्गचं पठार लागतं, वर गेलीस की खाली ब्रोकोपोंडोचं सरोवर दिसतं. दीड हजार चौरस किलोमीटरच्या वर पाणी, आपला शिवसागर त्याच्या एका कोपऱ्यात मावेल. धरणाचं साल १९६४. हो, कोयनेचंच साल. वीज कशासाठी, तर बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीसाठी. पाण्याखाली गेली सारामाका आणि न्द्युका लोकांची गावं, जवळजवळ सहा हजार माणसं उठवली. जंगल तोडलंच नाही, तसंच बुडवलं, म्हणून आजही मैलोन्मैल पाण्यातून मेलेल्या झाडांचे काळे-करडे सांगाडे वर आलेले दिसतात, एखाद्या बुडालेल्या गर्दीने हात वर करावेत तसे. पाणी चढत होतं तेव्हा अडकलेले प्राणी वाचवायला बाहेरून माणसं आली, होड्या घेऊन, आणि त्यांनी दहा हजारांच्या आसपास प्राणी काढले, स्लॉथ, साळिंदर, आर्माडिलो, सगळं मोजून. चांगलंच काम ते. माणसांचं मोजमाप मात्र अजून चाललंय.

ही माणसं कोण हे थोडं समजून जा. सतराव्या-अठराव्या शतकात आफ्रिकेतून आणलेले गुलाम डच मळ्यांवरून पळून जंगलात शिरले, तिथे गावं वसवली, डच सैन्याशी लढले, आणि शेवटी डचांनाच तह करावा लागला, न्द्युकांशी १७६० मधे, सारामाकांशी १७६२ मधे. देशात गुलामगिरी बंद झाली १८६३ ला, म्हणजे हे लोक त्याच्या शंभर वर्षं आधी स्वतंत्र. एवढं करून जी जमीन मिळवली ती दोनशे वर्षांनी धरणात गेली. पुढे जंगलतोडीच्या परवान्यांवरून सारामाका लोकांनी आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात केस घातली आणि २००७ मधे जिंकली. तेव्हा बिचारे आदिवासी वगैरे चेहरा घेऊन जाऊ नकोस. बिचारे नाहीयेत ते.

उठवलेल्यांची बरीच वस्ती ब्राउन्सवेगला झाली, रस्त्याच्या कडेला, पुनर्वसनाची असतात तशीच सरळ रेषेतली घरं, बघितलीस की तुला ओळखीची वाटतील. तिथे एका दुकानाबाहेर मी गाडीची वाट बघत बसले होते, शेजारी एक म्हातारे गृहस्थ, दुकानातला मुलगा मधे दुभाष्या. मी काय बोलायचं म्हणून सांगितलं की आमच्याकडेही एक नदी आहे, त्याच वर्षी धरण झालं, गावं गेली, माझं नाही गेलं पण ओळखीच्यांची गेली. त्यांनी ऐकून घेतलं. मग दुकानातल्या मुलाला काहीतरी म्हणाले आणि तो मुलगा मला म्हणाला, "ते विचारतायत, तुमच्या लोकांना लाइट मिळाली का?"

मला उत्तर देता आलं नाही नीट. म्हटलं मिळाली, पण उशिरा. ते हसले, मांडीवर थाप मारली. तू तर त्याच घरातली आहेस, तुझ्याकडे माझ्यापेक्षा चांगलं उत्तर असेल, आजोबांकडून काय काय ऐकलंयस ते जायच्या आधी एकदा आठवून ठेव. इतर पाहुणे बिअर, चॉकलेटं, जुने टीशर्ट घेऊन येतात. तू ही गोष्ट घेऊन जा.

ब्राउन्सबर्गबद्दल एक, आजूबाजूला सोन्याच्या बेकायदा खाणी आहेत, त्यामुळे कुठली वाट चालू, कुठली बंद ते शहरात ताजं विचारूनच निघ. त्या खाणींत पारा वापरतात आणि तो नदीतल्या माशांत उतरतो, तू मासे खात नाहीस हे या एका बाबतीत बरंच आहे.

गावात राहायचं तर आच्योनीपासून वर पिकिन स्ली, बोतोपासी या बाजूला जा, साधी गेस्टहाउसं आहेत, झोळीसारख्या हॅमॉकमधे झोपायचं. पिकिन स्लीला गावकऱ्यांनी स्वतःचं म्युझियम केलंय, लाकडावरचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे. गावाच्या तोंडाशी माडासारख्या झावळ्यांचं तोरण बांधलेलं दिसेल, ते सजावट नाही, वाईट काही आत येऊ नये म्हणून आहे, त्याला ओढू-बिढू नकोस. आत गेल्यावर आधी गावच्या कापितेनला भेटायचं, म्हणजे आपला पाटील समज, त्याच्या हाताखालचा बासिया तो कोतवाल. विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि काही जागी बायकांनी पाळीत जायचं नसतं. तू म्हणशील हे मी आजीच्या घरी सोडून आले, मीही म्हटलं होतं मनात. तिथे वाद घालू नकोस, दोन दिवसांची पाहुणी आहेस.

जेवणाचं. कसावाची भाकरी मिळेल, मोठी, पांढरी, कडक, ताटापेक्षा मोठी. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोच हा कंद, फक्त तिकडचा कडू प्रकार विषारी असतो म्हणून किसून, लांब विणलेल्या नळीत भरून, नळी ताणून पाणी पिळून काढतात आणि मग तव्यावर भाजतात. उपासाची भाकरी म्हणून खा. सोबत भात, केळी, शेंगदाणे. गावात पाच दिवस अंडं आणि शेंगदाण्यावर निघतील, पण थोडी चटणी, थोडा गूळ जवळ ठेव. तिथली मादाम जानेट नावाची पिवळी मिरची दिसायला ढोबळी मिरचीच्या पोरीसारखी गोंडस, आपण सातारा-कोल्हापूरकडचे म्हणून फाजील आत्मविश्वासाने चावू नकोस. मी चावली. कान गरम झाले.

शहरात तुझी चैन आहे. रोटीच्या दुकानात वाटलेल्या पिवळ्या डाळीचं सारण भरलेली रोटी मिळते, पहिला घास घेतला की वाटतं पुरणपोळीत गूळ घालायचा राहून गेला. सोबत बटाटा आणि काउसबांट, म्हणजे हातभर लांब चवळीच्या शेंगा. चिकन नको म्हणालीस की अंडं देतात. उडदाचा बारा खा, आपल्या मेदूवड्याचा चुलतभाऊ. जावानीज लोकांकडे बामी म्हणजे नूडल्स, नासी म्हणजे परतलेला भात, आणि ब्लाउग्रोंड भागात संध्याकाळी वारुंगांची रांगच असते.

अशाच एका रोटीच्या दुकानात मी जेवत होते, मागून एक लहान मुलगी ओरडली, "आजी! ए आजी!" मी वळून बघितलं. अगदी प्रतिक्षिप्त, घरी हाक मारल्यासारखं. गल्ल्यावरच्या बाई हसल्या, त्यांना कळेना मी का वळले. मग माझं मुंबईचं हिंदी आणि त्यांची सरनामी, म्हणजे तिथली हिंदुस्तानी बोली, दोन्ही अर्धी अर्धी लंगडत, एवढं कळलं की बापाचे आईवडील ते आजा-आजी आणि आईचे ते नाना-नानी. त्यांचे पूर्वज भोजपुरी-अवधी मुलखातले, आपला काही संबंध नाही, पण हा एक शब्द दोघींच्या ताटात पडला.

इथेच एक सांगायचंय. ते "छोटा भारत" प्रकरण डोक्यात घेऊन जाऊ नकोस. १८७३ च्या २६ फेब्रुवारीला लाला रुख नावाचं जहाज कलकत्त्याहून निघालं, ५ जूनला पारामारिबोला लागलं, सुमारे चारशे मजूर होते. गुलाम मोकळे झाले, मळ्यांना माणसं हवी होती. ते धरून १९१६ पर्यंत ६४ जहाजं, ३४ हजारांच्या आसपास माणसं. तिथे असं सांगतात की मजूर गोळा करणारे दलाल म्हणायचे, श्रीरामाच्या देशात नेतो, श्रीराम-सुरीनाम, साध्याभोळ्या माणसाला काय कळणार. उतरल्या जागेजवळ बाबा-माईचा पुतळा आहे, गाठोडं घेतलेलं जोडपं, तिथे नक्की जा. पण आज ते सुरीनामी आहेत, डच बोलतात, शेजारी जावानीज, क्रिओल, चिनी, आणि कायझरस्ट्राटवर मशीद आणि ज्यूंचं सिनेगॉग शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांना "तुम्ही आमचेच" असं म्हटलं की चेहऱ्यावर एक डच नम्रपणा येतो, पुढे गप्पा बंद. तुझं तीन वर्षांचं मोडकंतोडकं डच तिथे हिंदीपेक्षा जास्त चालेल. दिवाळी तुझ्या तारखांत येत असेल तर मात्र स्वातंत्र्य चौकात प्रचंड मोठी पणती लावतात ती बघ. आणि रविवारी सकाळी त्याच चौकात पुरुषमंडळी छोट्या पिंजऱ्यांतून ट्वाट्वा पक्षी घेऊन येतात, कुणाचा जास्त गातो याची स्पर्धा, सगळे शर्ट इन करून, गंभीर चेहऱ्याने, कान टवकारून, आपल्याकडे बैलगाडा शर्यतीला असतात ना तेवढेच गंभीर, फक्त कुणी ओरडत नाही.

कोमेवाइनला एक दिवस सायकलने कर. शहरातून सायकल भाड्याने मिळते, लेओन्सबर्गहून होडीत घालून पलीकडे. मळ्यांचे जुने रस्ते, कालवे, सावली, सपाट. मारिएनबुर्गचा गंजलेला साखर कारखाना बघशील, आपल्याकडच्या बंद कारखान्याची आठवण येईल, पण थांब थोडी. जुलै १९०२ मधे तिथे मजुरीच्या भांडणातून आणि मॅनेजर बायकांना त्रास देतो या रागातून मजुरांनी त्या मॅनेजरला मारलं, त्यानंतर सैन्याने गोळीबार केला, २४ मजूर गेले. स्मारक आहे. झेलांडिया किल्ल्यातही असंच एक जड ठिकाण आहे, डिसेंबर १९८२ मधे लष्करी राजवटीने १५ विरोधकांना तिथे मारलं, लोक त्यावर अनोळखी माणसाशी पटकन बोलत नाहीत, खोदून विचारू नकोस.

एकटी बाई म्हणून सुरक्षिततेचं विचारलं नाहीस पण आई विचारेल म्हणून लिहिते. दिवसा शहर निवांत आहे. अंधार पडल्यावर पाल्मेनटाउन बाग आणि सुनसान गल्ल्या टाळायच्या, टॅक्सी हॉस्टेलवाल्याला बोलवायला सांगायची. नदीकाठच्या गावांत मला शहरापेक्षा सुरक्षित वाटलं, तिथे धोका माणसांचा नाही, पाय घसरण्याचा आहे, आणि जवळ मोठं हॉस्पिटल नाही. म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्स असा घे ज्यात जंगलातून विमानाने उचलून आणण्याचा खर्च लिहिलेला असेल. मलेरियाबाबत सुरीनामला २०२५ मधे जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियामुक्त जाहीर केलंय, पण डेंग्यूचे डास आहेतच, लांब बाह्यांचे कपडे ने.

आणि आता ते, ज्यावर तुझं अजिबात लक्ष नाहीये आणि ज्याने भावाचं लग्न चुकू शकतं. पीतज्वर, यलो फीव्हर. सुरीनाम त्या यादीत आहे. भारताचा नियम असा की अशा देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलीस तर लशीचं पिवळं कार्ड लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. तू म्हणशील मी नेदरलँड्सहून येणार, दोन दिवसांनी. तरी सुटका नाही, दोन दिवस म्हणजे सहाच्या आतच. आणि लस निघण्याच्या आदल्या दिवशी घेऊन चालत नाही, किमान दहा दिवस आधी, तेव्हाच कार्ड लागू होतं. तुमच्याकडे जीजीडीत, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात, मिळते, आजच अपॉइंटमेंट घे, एकदा घेतली की कार्ड आयुष्यभर चालतं. भावाला हळद लागत असताना करवली मुंबईत विलगीकरणात, हे चित्र डोळ्यांपुढे आण आणि फोन उचल. हळदीच्या आधी ते पिवळं कार्ड.

मग आता आई.

मी तुला खोटं बोलणं पाप वगैरे सांगणार नाही, मी स्वतः पहिल्या ट्रेकला कॉलेजची इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणून गेले होते. पण स्पेनचं खोटं इथे टिकणारच नाही, आणि त्याचं कारण तेच, नदी. आच्योनीच्या पुढे काही गावांत टॉवर आहे, काहीत नाही, मी गेले तेव्हा लाइट संध्याकाळचे काही तास जनरेटरवर. चार-पाच दिवस तुझा फोन लागणार नाही. स्पेनमधे पाच दिवस फोन बंद असतो का कुणाचा? दुसऱ्या दिवशी आई तुझ्या ऑफिसला फोन लावेल, तिसऱ्या दिवशी पाटणपासून मुंबईपर्यंतचे सगळे नातेवाईक स्पेनच्या वकिलातीला शोधत असतील, आणि ज्या देशात तू खरी आहेस तिथे कुणी बघणारच नाही. खरंच काही झालं, नुसता पाय मुरगळला तरी, तू कुठे आहेस हे घरच्या एका माणसाला माहीत असायला हवं, आणि तो माणूस लग्नाच्या गडबडीतला भाऊ नको.

आणि मला वाटतं तू तिला थोडं कमी धरतेयस. तिचा विरोध देशाला नाहीये, तिला तो देश माहीतच नाही. "दक्षिण अमेरिका" म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे बंदुकवाले येणार. "मी एकटी बॅगपॅकिंगला चाललेय" अशी सुरुवातच करू नकोस. सहकाऱ्याच्या घरच्या जेवणापासून सुरू कर, तिथली पोरं बापाच्या आईला आजी म्हणतात हे सांग, मग धरणाचं सांग, गावं गेली ते, साल सांग. ती कोयनेच्या घरात सून म्हणून आलीये की लेक आहे मला माहीत नाही, पण १९६४ म्हटल्यावर ती गप्प बसून ऐकेल. जमलं तर व्हिडिओ कॉलवर त्या सहकाऱ्याच्या आईशी तिची गाठ घालून दे, भाषा नाही जुळणार, दोघी एकमेकींच्या स्वयंपाकघराकडे बघतील, पुरे झालं.

मग कागदावर लिहून दे, मराठीत, फ्रिजवर लावता येईल असं. कुठल्या तारखेला कुठे, हॉस्टेलचा नंबर, इन्शुरन्सचा नंबर, त्या सहकाऱ्याचा नंबर. आणि सगळ्यात वर ठळक, या तारखेपासून या तारखेपर्यंत फोन लागणार नाही, या तारखेला संध्याकाळी लागेल. ती तारीख एक दिवस पुढचीच लिही. होडी उशिरा येते.

चिडेल. दोन दिवस बोलणार नाही कदाचित. नंतर विचारेल की तिकडे थंडी आहे का, म्हणजे झालं.

तारखा पक्क्या झाल्या की मला कळव, पिकिन स्लीला मी जिच्याकडे राहिले तिच्यासाठी एक नऊवारीचा तुकडा पाठवायचाय. तिथल्या बायका पांगी म्हणून असंच कापड कमरेला गुंडाळतात, तिने माझ्या सुती साडीचा काठ हातात धरून बराच वेळ बघितला होता आणि मी मठ्ठासारखी तशीच निघून आले. आणि सॅकच्या आत कचऱ्याच्या दोन मोठ्या काळ्या पिशव्या, एकात एक, पासपोर्ट आतल्या पिशवीत.